दूरचित्रवाणीच्या मालिकांतील महाराष्ट्र

अमेरिकेतील टीकाकारांमध्ये एक वाद अधूनमधून उपस्थित होत असतो. तो असा की, दूरचित्रवाणीवर आजवर जे असंख्य कार्यक्रम झाले त्यांपैकी कोणत्या कार्यक्रमात अमेरिकन राष्ट्राचे खरे स्वरूप उतरले आहे? वाद वरवर पाहता पोरकट वाटतो; कारण राष्ट्र ही काही छायाचित्र काढवून घेण्यासाठी दुकानात जाऊन बसणारी असामी नव्हे. तथापि त्या वादात जी नावे पुन्हापुन्हा पुढे येतात ती पाहिली म्हणजे त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटू लागते. 'ऑल इन द फॅमिली' हे त्यांतले एक नाव. १९७१ पासून १९७९ पर्यंत चाललेल्या ह्या मालिकेचा नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कमधील एक सामान्य कामकरी गृहस्थ. कृष्णवर्णीयांविषयी, ज्यूंविषयी, बायकांविषयी त्याच्या मनात जे जे पूर्वग्रह साचले होते ते सारे तो आपल्या खुर्चीत बसून बोलून दाखवी, आणि मुलगी व जावई त्याच्याशी भांडत. ज्या संग्रहालयात जॉर्ज वॉशिंग्टनचा लष्करी पोशाख जपून ठेवला आहे त्याच स्मिथ्सोनियन संग्रहालयात १९७८ मध्ये आर्ची बंकरची ती जुनी खुर्ची दाखल झाली. दुसरे नाव 'रूट्स'चे. १९७७ च्या जानेवारीत लागोपाठ आठ रात्री ही मालिका दाखविली गेली आणि गुलामगिरीचा इतिहास, जो तोवर बहुतेक गोऱ्या कुटुंबांत जेवणाच्या टेबलावर निघत नसे, तो घरोघर निघाला.

ही दोन्ही नावे पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. अमेरिकेने आपली ओळख म्हणून जी चित्रे जवळ केली ती तिच्या पराक्रमाची नव्हेत. ज्या गोष्टी चारचौघांत काढण्याची त्या समाजास लाज वाटत होती, त्यांची ती चित्रे आहेत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही खाजगी वाहिनी निघाली, तीच पुढे झी मराठी झाली; आणि आज मराठी वाहिन्या इतक्या आहेत की त्यांवरील सर्व मालिका पाहणारा मनुष्य दुसरा कोणताही व्यवसाय करू शकणार नाही. अर्धशतकाहून अधिक काळ मराठी माणूस आपल्याच घरात बसून आपल्यासारख्या माणसांची चित्रे पाहत आला आहे. तेव्हा त्या चित्रांत तो स्वतः कितपत सापडतो, हा प्रश्न विचारण्याची वेळ खचित आली आहे. आम्ही तो कळंबसारख्या, यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या मुलखात वसलेल्या गावातून विचारीत आहो, आणि त्यामुळे उत्तरास थोडा वऱ्हाडी कल येणार हे वाचकांनी गृहीत धरावे.

हा प्रश्न चारचौघांत काढला तर पहिले उत्तर बहुधा ऐतिहासिक मालिकांचे मिळते. २००८ साली आलेली 'राजा शिवछत्रपती', तसेच २०१७ ते २०२० या काळात चाललेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकांनी घरोघरच्या मुलांस गडांची आणि सरदारांची नावे पाठ करावयास लावली, हे मान्य केलेच पाहिजे. डॉ. अमोल कोल्हे यांनी दोन्हीकडे केलेल्या भूमिका लोकांच्या इतक्या मनात बसल्या की पुष्कळ मुलांच्या कल्पनेतील महाराजांस तोच चेहरा मिळाला. परंतु ह्या मालिकांत महाराष्ट्राचे चित्र आहे असे म्हणणे आणि महाराष्ट्रास आपण कसे दिसावे असे वाटते त्याचे चित्र आहे असे म्हणणे, यांत फार अंतर आहे. त्यांतली सज्जन माणसे सदैव ताठ मानेने उभी असतात आणि ताठ भाषेत बोलतात. कोणास कशाची चोरी नाही, संकोच नाही. घाबरणे, लपविणे, सबब सांगणे ही सर्व कामे फितुरांकडे आणि शत्रूकडे सोपविलेली. आता, ज्या समाजातील प्रत्येक घरात निदान एक तरी गोष्ट पाहुण्यांसमोर न काढण्याची असते, त्या समाजाची ओळख अशा चित्रांतून कशी पटावी?

ऐतिहासिक मालिकांमध्ये आम्हास एक अपवाद दिसतो, आणि तो तलवारीचा नाही. २०१२ साली सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही रमाबाई रानड्यांच्या जीवनावरील मालिका. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. परंतु पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. सुधारकाग्रणीच्या आयुष्यातील ही ठसठसणारी जागा. त्यानंतर त्याच मुलीस त्यांनी स्वतः शिकविण्यास आरंभ केला, तर घरातील वडील बायकांस सुनेचे वाचणे हीच मोठी लाजिरवाणी गोष्ट वाटू लागली. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा सारा छळ फार संयमाने सांगितला आहे. मालिकेने त्या संयमाच्या मानाने अश्रू थोडे अधिक ढाळले. तरीही एका घरात दोन पिढ्यांना दोन निरनिराळ्या गोष्टींची लाज वाटते, आणि मधली कोवळी मुलगी दोन्हींच्या मध्ये सापडते, हा जो खरा महाराष्ट्राचा एकोणिसावा शतक, तो तिच्यात उतरला आहे. पाठ्यपुस्तकांतील समाजसुधारणेच्या धड्यात तो कधी उतरला नव्हता.

येथवर आमची कसोटी वाचकांच्या ध्यानात आली असेल. माणसे कोणता पोशाख करतात, कोणत्या देवास जातात, सणाला काय रांधतात, यांवरून त्यांचा प्रांत ओळखता येईल. स्वभाव ओळखता येणार नाही. स्वभाव ओळखावयाचा तर ती माणसे कोणत्या गोष्टीची लाज धरतात आणि ती लाज झाकण्यासाठी काय काय करतात हे पाहावे लागते. पंजाबी मनुष्यास पाहुणचारात उणे पडण्याची जितकी लाज वाटते, तितकी मराठी मध्यमवर्गीयास चैन करताना सापडण्याची वाटते, असे आम्हास वाटते. नवी वस्तू घरात आली की 'सवलतीत मिळाली' असे सांगितल्यावाचून आमच्या लोकांस चैन पडत नाही! हा झाला एक नमुना. असे शेकडो नमुने असतात, आणि मालिकेचा खरा कच्चा माल तोच होय.

ह्या कसोटीने पाहता मराठी दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या दिवसांतच एक उत्तम कृती होऊन गेली. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ एकोणीसशे सत्तरनंतरच्या दशकाच्या अखेरीस विजया धुमाळे यांनी दूरदर्शनवर आणले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चित्र काळेपांढरे, खोल्या दोनतीन, देखावे म्हणण्यासारखे काही नाही. परंतु काय माणूस उभा केला होता! चिमणराव हा भित्रा आहे आणि आपण भित्रे नाही असे दाखविण्याची त्याची सारखी धडपड चालू असते. तो कारकून आहे आणि कारकुनाहून आपण काही अधिक आहो असे त्यास मनातून वाटत असते. त्याचा सगळा विनोद ह्या दोन लाजांतून निघतो. शेजारी गुंड्याभाऊंसारखा आडदांड, बोलेल ते करणारा सोबती ठेवण्यात चिं. विं. नी मोठेच मर्म साधले होते. कारण बळ दुसऱ्याचे आणि ऐट आपली, ही स्थिती आमच्या मध्यमवर्गास फार ओळखीची आहे. प्रभावळकरांनी हा भित्रेपणा हास्यास्पद केला, पण तुच्छ केला नाही. प्रेक्षक हसले ते स्वतःला ओळखून हसले.

पुढे पाव शतकाने त्याच नटाने दुसऱ्यांदा हेच काम केले, हा आमच्या दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एक आनंददायक योग आहे. २००१ साली सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर आधारलेली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. चिमणराव कर्त्या वयाचा कारकून, तर टिपरे आबा निवृत्त आजोबा. चिमणराव वाचकांस आपली हकीकत सांगतो, आबा रोजनिशीत लिहितात. म्हातारपणी चिमणराव शहाणा झाला असता तर तो असाच झाला असता, असे कोणास वाटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. घरात मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या आणि नात शलाका. कारस्थान नाही, विषप्रयोग नाही, जिन्यावरून ढकलणे नाही. दर आठवड्यास घरात एखादी लहानशी गोष्ट घडावयाची, तीवरून वाद व्हावयाचा, आणि आबांनी ती रात्री लिहून ठेवावयाची.

ह्या मालिकेत आमच्या मते मराठी कुटुंबाची फार खोल ओळख आहे. आजोबांना आपण निरुपयोगी झालो असे दिसण्याची लाज आहे. मुलाला आपण वडिलांइतके करारी नाही याची. सुनेला आपला संसार दुसऱ्यांच्या संसारामागे पडला असे वाटण्याची. आणि नातवाला सगळ्या घराचीच! प्रत्येक जण ही लाज इतरांपासून झाकतो आणि प्रत्येकाची लाज इतर सर्वांस ठाऊक असते. ती ठाऊक असूनही न बोलण्याचा जो एक घरगुती करार असतो, त्यालाच आम्ही मराठीत 'घरचे वळण' म्हणतो. शुभांगी गोखले यांची श्यामला या दृष्टीने फिरून पाहण्यासारखी आहे. रागावताना देखील ती सासऱ्यांचा मान सांभाळते, आणि तो सांभाळताना आपण रागावलो आहो हे त्यांस कळेल अशीही व्यवस्था ठेवते. असली कला वाङ्मयात श्रीपाद कृष्णांपासून चालत आली आहे. दूरचित्रवाणीवर मात्र ती फार थोड्यांस साधली.

टिपऱ्यांचे घर उच्चवर्णीय, शहरी आणि सुखवस्तू आहे, तेव्हा त्यास महाराष्ट्र कसे म्हणावे, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे. आम्ही त्यास महाराष्ट्राचा एक कोपरा म्हणतो. पण तो कोपरा खरा आहे. पुढे जी मोठमोठी घरे पडद्यावर आली, ज्यांत स्वयंपाकघरापेक्षा जिना मोठा असतो आणि बायका मध्यरात्री दागिने घालून बसतात, ती कोणत्याच कोपऱ्यात नाहीत.

ह्या मोठ्या घरांविषयी बोलताना पुष्कळ जण दोष परभाषेवर ढकलतात. म्हणतात, आजच्या मराठी मालिका उसन्या आहेत, म्हणून त्यांत मराठीपण नाही. उसन्या आहेत ही गोष्ट खरी. २०१९ ते २०२४ पर्यंत चाललेली आणि घरोघर पाहिली गेलेली 'आई कुठे काय करते' ही 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेली. 'सहकुटुंब सहपरिवार' तमिळवरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळमवरून. परंतु उसनेपणा हा स्वतः दोष आहे असे आम्हास वाटत नाही. ज्या आर्ची बंकरची खुर्ची अमेरिकेने संग्रहालयात ठेवली, तो आर्ची बंकर मुळात एका इंग्रजी मालिकेवरून घेतलेला होता! नॉर्मन लिअर यांनी ब्रिटिश मालिकेचा सांगाडा तेवढा घेतला आणि त्यात आपल्या देशातील व्हिएतनामचे युद्ध, वर्णद्वेष, बापलेकांतील तंटा भरला. आमच्या देवल-किर्लोस्करांनीही दुसरे काय केले? सांगाडा कोठूनही आणावा. त्यात घालावयाचे रक्तमांस घरचे पाहिजे. 'आई कुठे काय करते'च्या आरंभीच्या भागांत ते होते. पंचवीस वर्षे संसार केलेल्या अरुंधतीला स्वतःच्या मुलांसमोर आपल्या अल्पशिक्षणाची, आपल्या इंग्रजीची जी लाज वाटते ती मधुराणी प्रभुलकर यांनी फार संयमाने दाखविली, आणि ती बंगाली नव्हती, आमचीच होती. पुढे भाग वाढत गेले तसतशी ती लाज सरली आणि केवळ संकटे उरली. याच्या वीस वर्षे आधी 'आभाळमाया'तील सुधा जोशी ही प्राध्यापिका, स्वतः कमावती, याच प्रसंगास तोंड देत होती. ती पाहून आम्हास विसाव्या शतकाच्या अखेरची मराठी स्त्री अधिक धीट वाटते. मालिकांचे घड्याळ उलटे चालते की काय, न कळे.

आता एका अशा कार्यक्रमाविषयी लिहितो की जो मालिका नव्हे, आणि ज्याचे नाव टीकालेखात घेतलेले पाहून काही वाचक भुवया उंचावतील. तो म्हणजे 'होम मिनिस्टर'. २००४ पासून २०२२ पर्यंत आदेश बांदेकर हे 'भावोजी' होऊन गावोगावच्या घरी गेले, घरातील 'वहिनीं'कडून चारदोन खेळ खेळवून घेतले आणि जिंकणारीस पैठणी दिली. खेळ बाळबोध, विनोद ठरीव, हे सारे कबूल. परंतु अठरा वर्षे एखाद्या समाजाच्या बैठकीच्या खोल्यांचे, त्यांतील कपाटांचे, भिंतीवरील घड्याळांचे आणि दारात गोळा झालेल्या शेजाऱ्यांचे चित्रण होत राहिले, असा दुसरा संग्रह आमच्या माहितीत नाही. आणि त्यातील मर्माची जागा म्हणजे उखाणा. नवऱ्याचे नाव घेण्याची लाज, ती लाज मोडण्यासाठी रचलेली यमके, नाव घेताना सासूकडे गेलेली नजर, आणि ते ऐकून आपल्याच घरात अवघडून उभा राहिलेला नवरा! तो नवरा पाहावा. एरवी घरात ज्याचा शब्द चालतो तो मनुष्य आपल्या बायकोविषयी चार बरे शब्द बोला म्हटल्यावर घाम पुसू लागतो. पत्नीची चारचौघांत स्तुती करणे ही मराठी पुरुषास केवढी लाजेची गोष्ट वाटते, हे कोणत्याही लिहिलेल्या मालिकेने इतक्या खरेपणाने दाखविले नाही. कारण येथे ती कोणी लिहिली नव्हती.

त्यातही आमच्याकडील प्रेक्षकांस एक गोष्ट खटके. बक्षीस नेहमी पैठणीचे. पैठणी सुंदरच, पण आमच्या विदर्भातील आज्यांच्या पेटीत जे जपून ठेवलेले असे ते करवतकाठी. जो प्रकार लुगड्याचा, तोच देवांचा. अष्टविनायक म्हटले की महाराष्ट्राच्या मनात मोरगाव, थेऊर, रांजणगाव अशी नावे येतात. विदर्भासही आपले अष्टविनायक आहेत आणि कळंबचा चिंतामणी, जो जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून पाहावा लागतो, तो त्यांतलाच एक, हे नागपूरच्या पश्चिमेस किती जणांस ठाऊक असेल? आम्ही रुसून हे लिहीत नाही. 'महाराष्ट्र' ह्या शब्दाने पडद्यावर जे दाखविले जाते त्याची सीमा कोठे संपते, एवढेच दाखवावयाचे आहे.

ही सीमा ओलांडण्याचा प्रयत्न २०१६ च्या सुमारास झाला, आणि तो आम्हास गेल्या काही वर्षांतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका मालवणी घेऊन आली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरी घेऊन आली आणि 'माझ्या नवऱ्याची बायको' नागपूरची राधिका घेऊन आली. तोवर बोली ही नोकराने, चोराने किंवा विदूषकाने बोलावयाची असा पडद्याचा दंडक होता. वऱ्हाडीचा तर विशेषच. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे बोलू लागले की सगळा महाराष्ट्र हसे. गणेशपुरे ह्या मातीतले, त्यांची वऱ्हाडी अस्सल, आणि त्यांस दोष देण्यासारखे काहीच नाही. परंतु एखादी बोली ऐकताच, वाक्य पुरे होण्याच्या आत, लोक हसू लागतात तेव्हा ते विनोदाला हसत नसतात.

राधिकेच्या तोंडी ही बोली नायिकेची झाली. अनिता दाते या मूळच्या नाशिकच्या. त्यांनी ती मेहनतीने उचलली. जाणत्या कानास तीत शहरी वाक्याची घडण आणि वर पेरलेले 'बाप्पा' अधूनमधून ऐकू येई. 'मले', 'तुले' ही चतुर्थी आणि 'करून राहिली' हा आमचा वर्तमानकाळ सर्वत्र सारखा टिकत नसे. पण त्याचे आम्हास फारसे वाटले नाही. कथेचा गाभा अचूक होता. नवरा मुंबईकडे मोठ्या नोकरीत, त्यास बायकोच्या बोलण्याची, तिच्या काटकसरीची, तिच्या साडीची आपल्या मंडळींत लाज वाटते. आणि तिला त्याच्या त्या लाजेची लाज वाटत नाही. केवढी प्रभावी कल्पना! विदर्भातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या हजारो मुलांनी पहिल्या महिन्यात आपले 'काऊन' गिळून 'का' म्हणावयास शिकलेले आहे. वर्गात कोणी हसले, खानावळीत कोणी नक्कल केली, एवढे पुरते. सुटीत तेच मूल घरी येते आणि आईच्या बोलण्यास हसते. ज्या वऱ्हाडातील रिद्धपुरास तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, म्हणजे मराठी गद्याने जेथे आपले पहिले मोठे पुस्तक पाहिले, तेथील मुलांस आपल्या मराठीची लाज वाटावी, हा एक मोठा सामाजिक विषय आहे. आणि तो प्रथम एका रोजच्या मालिकेने हाती घेतला, पंडितांनी नव्हे.

परंतु पुढे काय झाले? राधिकेने मसाल्याचा धंदा काढला, तो वाढला, आणि पाहता पाहता ती कोट्यवधींच्या कंपनीची मालकीण झाली. आता तिच्या बोलीस कोण हसणार? प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, आम्हासही क्षणभर बरे वाटले. तरी आमच्या मते येथेच मालिका आपल्या विषयाला मुकली. बोलीची लाज तिने पैशाने धुऊन काढली. कोट्यधीश स्त्रीची वऱ्हाडी मानाची होते हे दाखविण्यास मालिका कशास पाहिजे? गरीब राहिलेल्या राधिकेची वऱ्हाडी मानाची व्हावी, हे दाखविणे अवघड होते आणि तेच दाखवावयाचे होते. २०२१ पर्यंत मालिका चालली. उत्तरार्ध पाहण्याचा आग्रह आम्ही कोणास करणार नाही.

आणि तरीही, ह्या मुलखाची सर्वांत मोठी लाज राधिकेच्याही वाट्याला आली नाही. ती भाषेची नव्हे, ती कर्जाची. योगायोग असा की ज्या १९७२ साली मुंबईस दूरदर्शन सुरू झाले त्याच साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. चित्रे दाखविणारे यंत्र आणि कापूस घेणारे सरकार आमच्या प्रांतात असे एकाच वर्षी अवतरले. पुढील तीस-चाळीस वर्षांत यवतमाळ जिल्ह्याने संकलन केंद्रावरील गाड्यांच्या रांगा पाहिल्या, चुकाऱ्याची वाट पाहिली, ती योजना मोडलेली पाहिली, २००२ नंतर बीटी बियाणे आलेले पाहिले, आणि कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिलेले पाहिले. ह्या शेवटच्या गोष्टीमुळे जिल्ह्याचे नाव दिल्लीपर्यंत गेले. बातम्यांत आम्ही पुष्कळ वेळा आलो. घराच्या ओसरीवर बसलेली बाई, भिंतीवर हार घातलेले छायाचित्र, आणि ध्वनिक्षेपक पुढे करणारा तरुण वार्ताहर; हे चित्र देशाने इतक्यांदा पाहिले की तीच आमची ओळख ठरली. पण ओसरीच्या आत घर असते. त्या घरात कृषी केंद्राची उधारी कोणत्या वहीत लिहिली आहे हे बायकोला ठाऊक नसते. मुलीच्या लग्नात मंडप लहान घातला तर सोयऱ्यांत नाव जाईल म्हणून सावकाराकडे पुन्हा एक फेरी होते. पहिल्या वेचणीची सीतादही करताना पऱ्हाटीकडे पाहून मनातल्या मनात क्विंटलांचा हिशेब चाललेला असतो. आणि रात्री जेवताना बाप पोरांशी हसून बोलतो. मालिकेस याहून अधिक काय पाहिजे? ह्यात गुपित आहे, घर आहे, तीन पिढ्या आहेत. तरी पन्नास वर्षांत हे घर एकाही गाजलेल्या मालिकेचे घर झाले नाही. कापूस पिकविणाऱ्या माणसांशी त्यांच्या कामाविषयी दूरदर्शन सातत्याने बोलले ते केवळ 'आमची माती आमची माणसं' या शेतीच्या कार्यक्रमात. तेथे रोग, खते, पेरणीची वेळ यांची चर्चा होई, आणि कर्जाची लाज हा काही कीडनियंत्रणाचा विषय नव्हे.

रंगभूमीने मात्र हे धाडस केले. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन, आधी बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्यावर, वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या आमच्या कळंब तालुक्यातील राजूरच्या, शेतकऱ्याची विधवा. तो सगळा वाद वर्तमानपत्रांनी पुरेपूर चघळला. त्यात आम्ही येथे शिरत नाही. आमच्या विषयास लागू असलेली गोष्ट एवढीच की, येडे ह्या 'तेरवं' नाटकात काम करणाऱ्या कलावंत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसविलेल्या ह्या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात. बातमीतील बाई प्रश्नांना उत्तरे देते. नाटकातील बाई बोलते, आणि कधी काय बोलावयाचे हे तिला ठाऊक असते. दोहोंतील हा फरक पाहणाऱ्यास लगेच जाणवतो.

असली दुःखे रोज रात्री साडेआठला कोण पाहणार, असे वाहिन्यांचे व्यवस्थापक विचारतील. प्रश्न धंद्याचा आहे आणि त्यास धंद्याचे उत्तर आम्हाजवळ नाही. पण दुःख म्हणजे रडणे, ही त्यांची समजूत आम्हास मान्य नाही. वऱ्हाडी माणूस आपल्या फजितीवर जितका हसतो तितका क्वचितच कोणी हसत असेल. चावडीवर, न्हाव्याच्या दुकानात, जिनिंगच्या फाटकाबाहेर गाडीवर बसून तो आपल्या नापिकीवर जे बोलतो त्यात चिं. विं. च्या तोडीचा ऐवज असतो. चिमणरावही काही संपन्न मनुष्य नव्हता; महिनाअखेरीची ओढाताण त्याच्याही घरी होती, आणि त्या ओढाताणीवर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या हसत आला आहे. टिपऱ्यांच्या आबांची ती रोजनिशी राळेगावच्या किंवा बाभूळगावच्या रस्त्यावरील एखाद्या म्हाताऱ्या कास्तकाराच्या हाती दिली तर तो काय लिहील? पावसाची तारीख तो प्रथम लिहील, मग कापसाचा भाव. मुलाने कोठून किती आणले ते लिहिणार नाही. ती न लिहिलेली ओळ दाखविता येईल असा लेखक आणि ती पाहू देईल अशी वाहिनी एकत्र येईपर्यंत, आमच्या मते, महाराष्ट्राच्या ओळखीच्या बाबतीत पहिला मान टिपऱ्यांचा, दुसरा 'होम मिनिस्टर'मधील त्या घाम पुसणाऱ्या नवऱ्यांचा, आणि राधिकेचा पूर्वार्ध तिसरा.